गुहेंत उतरणाराचा पोशाख

गुहा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें अजिंठा, वेरूळ, कार्लें, कान्हेरी हीं नांवें उभीं राहतात. परंतु खरें पाहतां तीं लेणीं आहेत. छिन्नी-हातोड्यानें माणसानें कोरलेलीं आणि तोंडाशीं उजेड असलेलीं. आजच्या भाषणांतील गुहा निराळ्या. चुनखडीच्या खडकांत पाण्यानें युगानुयुगें वाट काढून त्या घडविलेल्या असतात; त्यांत काळोख, चिखल आणि वाहतें पाणी हीं तिन्ही एकत्र नांदतात. आपला सह्याद्रि लाव्ह्याच्या काळ्या खडकाचा असल्यामुळें अशा लांबच लांब गुहा येथें नाहींत. त्या पाहावयाच्या तर मेघालयांत जावें लागतें. तेथील जयंतिया टेकड्यांतील क्रेम लिआत प्राह ही गुहा तीस किलोमीटरांहून अधिक लांब मोजली गेली आहे. 'क्रेम' म्हणजे खासी भाषेंत गुहाच. गडकोट पालथे घातलेल्या ज्या तरुण-तरुणींची पावलें आतां तिकडे वळत असतील, त्यांच्या आईबापांनीं निदान एवढी चौकशी करावी, कीं हीं मुलें अंगांत काय घालून आंत उतरणार आहेत.

या शास्त्राचा पुष्कळसा अनुभव युरोपांतील, विशेषतः इंग्लंड व फ्रान्समधील लोकांनीं मिळविलेला आहे. एदुआर मार्तेल हा फ्रेंच संशोधक १८९५ सालीं यॉर्कशायरमधील गेपिंग गिल या विवरांत दोरीच्या शिडीनें उतरला, तेव्हां सुमारें शंभर मीटरांचा तो उभा उतार, आणि वरून नाल्याचें पाणी सारखें अंगावर कोसळत होतें. नॉर्बेर कास्तरे यानें तर १९२२ सालीं पिरेनीज पर्वतांतील माँतेस्पाँच्या गुहेंत अंगावरचे कपडे उतरवून, हातांत मेणबत्ती घेऊन पाण्यानें भरलेल्या बोगद्यांत एकट्यानें बुडी मारली. पुढल्या वर्षीं त्याला आंत आदिमानवानें केलेल्या मातीच्या मूर्ति सांपडल्या, म्हणून त्या साहसाचें कौतुक झालें. त्याचें अनुकरण मात्र कोणीं करूं नये.

आज त्या देशांत गुहेंत जाणारा मनुष्य दोन पोशाख घालतो. आंतला केसाळ, उबदार; कृत्रिम लोकरीचा म्हणाना. त्यावर गळ्यापासून घोट्यापर्यंत एकसंध असा जाड, चिवट बाह्य पोशाख. त्यालाच ओव्हरसूट म्हणतात. कारखान्यांतील फिटर जो बॉयलरसूट घालतो त्याचाच हा थोरला भाऊ. या वरच्या पोशाखाचें काम ऊब देण्याचें नाहीं. आंतल्या उबेला फाटण्यापासून, भिजण्यापासून आणि वाऱ्यापासून जपणें हें त्याचें काम. ही गोष्ट ध्यानांत न आल्यामुळें लोक दुकानांत जाऊन सर्वांत जाड तो सूट उचलतात, आणि पुढें घामानें भिजून कुडकुडत बसतात.

तर मग जाड जीनची विजार आणि जुना स्वेटर कां नको? कारण सुती कापड पाणी पितें आणि धरून ठेवतें. गुहेंतील हवेचें उष्णतामान साधारणपणें त्या प्रदेशाच्या वर्षाच्या सरासरीइतकें असतें. यॉर्कशायरमध्यें तें सुमारें ८ ते ९ अंश सेल्सिअस भरतें, आणि ज्येष्ठ असो वा पौष, त्यांत फारसा फरक पडत नाहीं. हवा बाष्पानें भरलेली. कपडा वाळण्याची आशा नाहीं. पाणी स्थिर हवेच्या सुमारें २५ पट सुलभतेनें उष्णता वाहून नेतें. शिवाय अंगावरील एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हावयास सुमारें ५८० कॅलरी उष्णता लागते, आणि ती देणार कोण? आपलें शरीरच. गुहेच्या अरुंद तोंडाशीं वारा सुटलेला असला तर हा व्यवहार आणखीच झपाट्यानें होतो.

१९६४ सालच्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील डर्बीशायरच्या माळावर झालेल्या चालण्याच्या एका शर्यतींत तीन तरुण थंडीनें दगावले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेंतील शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनीं त्याचा छडा लावला आणि प्रयोगांनीं दाखवून दिलें, कीं कपडे ओले आणि वर वारा असा योग जुळला म्हणजे त्या कपड्यांची ऊब बहुतांशीं नाहींशी होते. हिमालय नको, बर्फहि नको. साधा पाऊस आणि वारा पुरतो. गुहेंत हाच योग जमिनीखालीं जुळून येतो, आणि तेथून धांवत घरीं येतां येत नाहीं.

मनुष्य चालतो आहे, चढतो आहे, तोंवर अंग तापलेलें असतें. संकट येतें तें थांबल्यावर. वेल्समधील ऑगोव्ह फनॉन दी या गुहेंत २०२१ च्या नोव्हेंबरांत एक जण पडून जबर जखमी झाला. त्याला बाहेर काढावयास दोनशेंहून अधिक माणसें झटलीं, आणि तो ५४ तासांनीं बाहेर आला. अशा वेळीं जखमी माणसाला व त्याच्याजवळ बसून राहिलेल्या सोबत्यांना तासन् तास हालचाल नसते. म्हणून ओव्हरसूट निवडतांना चालण्याचा विचार एकपट, तर थांबण्याचा दुप्पट करावा. सर्वांचे आवडते व्यायामपटु सडपातळ सूट पसंत करतात. मला तो हट्ट पटत नाहीं.

आतां कापडाकडे वळूं. मुख्य प्रकार दोन. पहिला जाड नायलॉनचा. त्यांतील कॉर्डुरा हें नांव विशेष प्रसिद्ध आहे. सुताच्या जाडीचें माप डेनियर. साड्यांच्या दुकानांत हा शब्द गृहिणींनीं ऐकला असेल. ९००० मीटर लांबीच्या सुताचें ग्रॅममधील वजन म्हणजे डेनियर. तलम रेशमी धाग्याचें माप दहा-वीसच्या घरांत, तर गुहेच्या कापडाचें ५०० किंवा १००० डेनियर. हजार डेनियरचा ९ किलोमीटर धागा एक किलो भरतो, यावरून त्याच्या दांडगेपणाची कल्पना यावी. हें कापड खडकावर घांसलें तरी सहसां तुटत नाहीं, मऊ असल्यानें अंगाबरोबर वळतें, आणि घामाची वाफ थोडीबहुत बाहेर जाऊं देतें. आंतल्या बाजूस पाणी अडविण्याचा पातळ लेप असतो. तो कालांतरानें सोलतो. कोरड्या, लांब आणि सरपटत जावयाच्या गुहांसाठीं हाच चांगला.

दुसरा प्रकार पॉलिएस्टरच्या कापडावर पी. व्ही. सी.चा जाड थर दिलेला. ट्रकवरील मालावर जी चकचकीत ताडपत्री घालतात ती डोळ्यांपुढें आणा. हा पाणी जवळजवळ आंत येऊंच देत नाहीं, चिखल त्यावर धरत नाहीं, आणि धुवावयास बादलीभर पाणी पुरतें. जेथें धबधब्याखालून दोरावर उतरावयाचें आहे, तेथें याच्यासारखा सोबती नाहीं. पण आंतला घाम आंतच राहतो, थंडींत कापड ताठ होतें, आणि दोन तास चिखलांत सरपटल्यावर आपण वाफेवर ठेवलेल्या मोदकासारखे होतों. यांत शिवणीला फार महत्त्व आहे. सुईनें पाडलेलें प्रत्येक भोंक म्हणजे पाण्याला दिलेली वाट. म्हणून चांगल्या सुटांत कापडाच्या कडा उष्णतेनें एकजीव करतात. छातीपर्यंतच्या पाण्यांतून वारंवार जावयाचें असेल तर हे दोन्ही एकटे अपुरे. तेथें पाणबुड्यांचा निओप्रीन रबराचा सूट घालतात, आणि तें नाजूक रबर खडकानें फाटूं नये म्हणून वर ओव्हरसूट चढवितात.

पूर्वीं कार्बाइडचे दिवे होते तेव्हां नायलॉनला आणखी एक भय असे. दिव्याची ज्योत लागली कीं नायलॉन वितळून भोंक पडे. विजेचे एल. ई. डी. दिवे आल्यानें ती चिंता मिटली.

सूट विकत घेतांना आरशापुढें उभे राहूं नका. उकिडवे बसा, दोन्ही हात वर ताणा, एक पाय खुर्चीवर ठेवून चढण्याचा आविर्भाव करा. हात वर करतांच बाही कोपराकडे सरकली किंवा आसनांत कापड ताणलें, तर तो सूट परत द्यावा. आपल्या जुन्या अंगरख्याला बगलेंत चौबगला घालीत, तो याच कारणासाठीं. चांगल्या ओव्हरसुटालाहि तशीच जोड असते. गुडघे, कोपर आणि बसावयाची जागा येथें दुहेरी कापड हवें. शिवण दुमडून दोनदां टीप मारलेली, दोरा सुती नसून पॉलिएस्टर वा नायलॉनचा. सुती दोरा ओलीनें कुजतो आणि मग कापड शाबूत राहून बाह्या गळून पडतात. फार ढगळ सूटहि वाईट. अरुंद फटींतून अंग निघतें, पण कापडाची घडी अडकते; आणि पायांत पाणी सांचून प्रत्येक पायाला एकेक घागर बांधल्यासारखी होते. सुटाचे पाय गमबुटांच्या वरून बाहेर सोडावे, बुटांत खोंचूं नयेत.

बंद करण्याची सोय हा कळीचा मुद्दा आहे. धातूची चेन गंजते व चिखलानें अडते. प्लास्टिकची मोठ्या दातांची चेन, आणि तिच्यावर वेल्क्रोची रुंद पट्टी, ही जोडी टिकाऊ. बाहेरचे खिसे मोहक दिसतात, पण ते खडकाला अडकतात. एकच खिसा, तोहि आंतून छातीशीं. रंग पिवळा, तांबडा असा भडक असावा, म्हणजे काळोखांत पुढचा माणूस मागच्याच्या दिव्यांत चटकन् दिसतो.

ओसाड खाणींची गोष्ट थोडी वेगळी आहे. गुहेंतला खडक पाण्यानें गुळगुळीत झालेला असतो, तर खाणींतला सुरुंगानें फोडलेला, धारदार. त्यांत गंजलेले खिळे, तारा, कुजके लाकडी टेकू. तेथें पाणी अडविण्यापेक्षां न फाटणें महत्त्वाचें, म्हणून जाड नायलॉनच बरें. इंग्लंडांतील जुन्या शिशाच्या खाणींतून येणारा चिखल विषारी असतो. तो सूट घरच्या कपड्यांबरोबर, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांबरोबर, कदापि धुवूं नये. कोळशाच्या खाणींत तर हौसेनें जाऊंच नये. तेथें मिथेन वायु असूं शकतो, आणि कृत्रिम कापडाच्या घर्षणानें विद्युद्भार सांठतो. शिवाय दूषित हवेपासून कोणताहि सूट रक्षण करीत नाहीं. आपल्या देशांत बंद पडलेल्या खाणींतहि परवानगीशिवाय पाऊल टाकणें कायद्याला धरून नाहीं.

येथवर थंड देशांचें झालें. मेघालयांतील गुहा इंग्लंडच्या मानानें पुष्कळच उबदार आहेत, आणि बस्तरमधील कोटमसरची गुहा तर आणखी दमट व उष्ण. तेथें केसाळ आंतला पोशाख आणि वर पी. व्ही. सी. अशी जोडी घातली तर मनुष्य थंडीऐवजीं उष्म्यानें बेजार होईल. पातळ पॉलिएस्टरचा सदरा-विजार आणि त्यावर हलका नायलॉनचा ओव्हरसूट एवढें बहुधा पुरतें. उष्णतेची पराकाष्ठा पाहावयाची तर मेक्सिकोंतील नायका येथील खाण. तेथें जमिनीखालीं सुमारें ३०० मीटरांवर २००० सालीं प्रचंड स्फटिकांची गुहा सांपडली. तेथील दमट उष्म्यांत संशोधकांना बर्फाचे थर बसविलेले सूट घालून थोडा वेळच थांबतां येई.

आपल्याकडे असे सूट साध्या दुकानांत मिळत नाहींत; परदेशांतून मागवावे तर किंमत आणि जकात दोन्ही सोसावीं लागतात. पण शाळेचीं दप्तरें आणि गिर्यारोहणाच्या सॅक ज्या जाड नायलॉनच्या असतात, तें कापड आपल्या बाजारांत आहे, आणि सॅक शिवणाऱ्या कारागिरापाशीं तें शिवण्याजोगें भक्कम यंत्रहि असतें. जुना, अंगाला नीट बसणारा बॉयलरसूट नमुन्यादाखल नेऊन, वर सांगितलेलीं दुहेरी ठिकाणें आणि चौबगला समजावून दिला, तर उबदार गुहांपुरता पोशाख घरच्या घरीं तयार होतो. पी. व्ही. सी.चा मात्र असा शिवूं नये.

शेवटीं धुण्याविषयीं. २००६ सालापासून अमेरिकेंत एका बुरशीनें वटवाघळांचे थवेच्या थवे नाहींसे केले, आणि ती बुरशी माणसांच्या कपड्यांवरून व सामानावरून एका गुहेंतून दुसरींत जाऊं शकते. म्हणून तेथील नियम असा, कीं गुहेंतून आल्यावर चिखल घांसून काढावा आणि वस्त्र निदान ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यांत २० मिनिटें पूर्ण बुडवून ठेवावें. वटवाघळें आपल्याहि गुहांत आहेत. तेव्हां घेतांनाच एवढी उष्णता कापडाचा लेप सोसेल कीं नाहीं तें विचारून घ्यावें. नंतर सूट सांवलींत वाळवावा. कडक उन्हानें नायलॉन अशक्त होतें. आणि वेल्क्रोंतील माती जुन्या दांत घांसावयाच्या ब्रशानें, ती वाळून दगड होण्यापूर्वींच, काढून टाकावी.