ऑटोच्या टाकीचा श्वास



मागच्या पालक सभेत एका आईने उठून सांगितले की, मुलगी शाळेतून घरी आली की तिच्या दप्तराला आणि ओढणीला पेट्रोलचा वास येतो आणि आठवड्यात दोनदा तिला रस्त्यातच उलटी झाली. आणखी दोन पालकांनी तीच तक्रार केली. तिघांचीही मुले एकाच ऑटोतून येतात. आम्ही त्या ऑटोवाल्या मामांना दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले आणि सांगितले, "मामा, वास बंद करा." मामांनी चार दिवसांत वास बंद केला. पाचव्या दिवशी ऑटो संतपूर रस्त्यावर भर दुपारी बंद पडला. मुले उन्हात उतरून उभी राहिली. मामांनी टाकीचे झाकण उघडले, हुस्स असा आवाज झाला, आणि किक न मारता, काही न बदलता गाडी पुन्हा सुरू झाली. तीन-चार किलोमीटरवर पुन्हा तोच प्रकार.

हा ऑटो बदलावा, मामांनाही बदलावे, असे काही पालकांचे मत पडले. विश्वस्तांनी आम्हाला आधी कारण शोधायला सांगितले. आम्ही म्हणजे विज्ञान शिकवणारे दोघे शिक्षक आणि गाडीदुरुस्तीचे काम करणारा आमचाच एक माजी विद्यार्थी. त्या शोधात जे कळले ते सर्वांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे देत आहोत.

आधी एक घरातली गोष्ट. तेलाचा पत्र्याचा डबा फोडताना आपण एक भोक पाडतो आणि समोरच्या कोपऱ्यात दुसरे. एकाच भोकातून तेल डचक-डचक येते, मग थांबते. दुसरे भोक पाडले की सरळ धार लागते. तेल जेवढे बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, एवढेच त्याचे कारण. दवाखान्यात काचेच्या सलाइनच्या बाटलीला हवेसाठी वेगळी सुई टोचलेली अनेकांनी पाहिली असेल. तीही त्याचसाठी. ऑटोच्या टाकीचेही तसेच. इंजिन पेट्रोल ओढते, टाकीत जागा रिकामी होते, त्या जागेत हवा आली नाही तर आतला दाब कमी होत जातो आणि शेवटी पेट्रोल पुढे सरकत नाही. झाकण उघडल्यावर झालेला हुस्स आवाज म्हणजे बाहेरची हवा आत धावली त्याचा आवाज.

उलट बाजूही आहे. आपल्या औरादला मार्च लागला की दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. पेट्रोल तापले की फुगते. आठ लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर त्याचे आकारमान सुमारे दीडशे मिलिलिटरने वाढते, म्हणजे चहाचा मोठा कप भरून. पण खरा जोर वाफेचा. पेट्रोल हा एक पदार्थ नसून अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण आहे, आणि त्यातले हलके घटक साध्या उन्हातही उडून जातात. त्यामुळे बंद टाकीतला दाब वाढत जातो. टाकीला श्वास आत घ्यावा लागतो तसा सोडावाही लागतो. (टमटमवाल्यांना हा त्रास का नाही, असे एका विद्यार्थ्याने विचारले. बहुतेक टमटम डिझेलवर चालतात. डिझेलला वास आहे, पण त्याची वाफ पेट्रोलच्या मानाने फारच कमी होते.)

टाकीने सोडलेला श्वास जातो कुठे, हा पुढचा प्रश्न. जुन्या ऑटोंमध्ये झाकणालाच बारीक भोक असे आणि वाफ सरळ हवेत जाई. कोणाला त्यात वावगे वाटत नसे. अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरावर धुरकट, डोळे चुरचुरवणारी हवा साचू लागली, तेव्हा १९५०च्या सुमारास हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की गाड्यांतून सुटलेली पेट्रोलची वाफ आणि धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की ओझोन तयार होतो. जमिनीजवळचा ओझोन फुप्फुसांना वाईट. धुराड्यातून निघते तेवढेच प्रदूषण नाही, उभ्या गाडीच्या टाकीतूनही ते निघते, हे तेव्हापासून सर्वांना पटू लागले. कॅलिफोर्नियात १९७० सालच्या आणि सबंध अमेरिकेत १९७१ सालच्या मोटारींपासून ही वाफ अडवणे बंधनकारक झाले. आपल्याकडे दुचाक्यांना हा नियम बीएस-४ बरोबर आला, जो १ एप्रिल २०१७ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाला. बीएस-६ देशभर १ एप्रिल २०२० पासून आहे. म्हणून अलीकडच्या पेट्रोल ऑटोत मागे एक काळा प्लॅस्टिकचा डबा दिसतो. त्याला कॅनिस्टर म्हणतात.

या डब्यात कोळसा असतो, पण चुलीतला नव्हे. लाकूड किंवा नारळाची करवंटी यांच्यापासून खास रीतीने केलेला सक्रिय कोळसा. त्यात डोळ्यांना न दिसणारी इतकी छिद्रे असतात की एका ग्रॅम कोळशाचा आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या आसपास भरतो. आपल्या भाषेत सांगायचे तर चिमूटभर कोळशात दहा गुंठे रान. टाकीतून आलेली पेट्रोलची वाफ या रानावर चिकटून बसते आणि उरलेली हवा बाहेर जाते. इंजिन सुरू झाले की ते याच डब्यातून थोडी ताजी हवा ओढते, त्या हवेबरोबर चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनात जळून जाते. कोळसा पुन्हा मोकळा. वाफ फुकट जात नाही आणि कोणाच्या नाकातही जात नाही. आम्हाला स्वतःला ही रचना समजली तेव्हा फार आवडली. फिरत्या भागांची गर्दी नाही, आवाज नाही, आणि एकच कोळसा वर्षानुवर्षे काम करतो.

मग आमच्या मामांच्या ऑटोत काय झाले? मामांना पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरायची सवय. नोझल टक करून थांबले तरी "अजून थोडे टाका" म्हणायचे. टाकीत वाफेसाठी जागाच उरली नाही, की तापलेले पेट्रोल वाफ न होता द्रवरूपानेच पाइपातून कॅनिस्टरमध्ये उतरते. कोळसा पेट्रोलने भिजला की निकामी होतो. शिवाय इंजिनाला त्या वाटेने नको तेवढे पेट्रोल मिळते आणि गाडी धक्के खात चालते. मामांनी गाडी एका गॅरेजात दाखवली. तेथील मिस्त्रींनी डबा हलवून पाहिला, पेट्रोल टपकले, आणि त्यांनी डबाच काढून टाकला. गाडी लगेच सुरळीत चालू लागली. मिस्त्रींचा हेतू वाईट नव्हता, आणि मामांचे त्या दिवशीचे भाडेही बुडाले नाही. पण टाकीकडून येणारा पाइप मागच्या कप्प्यात तसाच लोंबत राहिला. म्हणजे टाकीचा श्वास आता थेट मुलांच्या पाठीमागे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, खाली साचते. शिवाय चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची हवा आत ओढली जाते. कच्च्या रस्त्यावर ऑटोत मागून धूळ आत येते हे आपण सगळेच अनुभवतो. जिथून धूळ येते तिथूनच वाफ येते. त्या वाफेत बेन्झिन असते. बीएस-६ पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण जास्तीत जास्त एक टक्का ठेवले आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने बेन्झिनला माणसात कर्करोग करणारे द्रव्य मानले आहे. डोकेदुखी, मळमळ हे तर लगेचचे परिणाम. आणि आगीचा धोका वेगळाच. हवेत जेमतेम दीड टक्का वाफ मिसळली तरी ती पेट घेऊ शकते, आणि पेट्रोल तर उणे चाळीस अंशांखालीही पेटण्याइतकी वाफ सोडते. त्याच कप्प्यात तापलेले सायलेन्सर आणि बॅटरीच्या वायरी असतात.

आम्ही "वास बंद करा" म्हटल्यावर मामा दुसऱ्या कोणाकडे गेले. त्यांनी लोंबणाऱ्या पाइपात बोल्ट ठोकला आणि टाकीच्या झाकणाखाली जुन्या ट्यूबचा रबर गोल कापून घट्ट बसवला. झाकणात हवा आत घेणारी छोटी झडप असते, ती त्या रबराखाली बुजली. वास खरोखरच गेला. पण टाकी आता ना श्वास घेऊ शकत होती ना सोडू. सकाळच्या गारव्यात बंद पडायची आणि दुपारी उभी असताना आत दाब साठायचा. आणखी काही दिवस गेले असते तर एखाद्या सांध्यातून पेट्रोल झिरपू लागले असते. येथे आम्हाला प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे की यात आमचीही चूक आहे. वास बंद करा एवढेच आम्ही सांगितले. तो कुठून येतो हे विचारले नाही.

दुरुस्ती काही अवघड निघाली नाही. टाकी थंड असताना, उघड्यावर, बॅटरीची वायर काढून, माजी विद्यार्थ्याने बोल्ट आणि रबर काढले. मग बीदरला कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये नवा कॅनिस्टर, पेट्रोल चालतील असे पाइप आणि नवे झाकण बसवून घेतले. साधा पाण्याचा पाइप चालत नाही, पेट्रोलने तो काही महिन्यांत ताठ होऊन तडकतो. इंजिनाकडे जाणारी जी नळी डबा काढल्यावर नुसती उघडी राहिली होती, तीही पुन्हा जोडली. त्या उघड्या नळीतून इंजिन जादा हवा ओढत होते, म्हणून उभ्या गाडीचे इंजिन कमी-जास्त होत होते, हे मामांना तेव्हा कळले. गाडी कलंडली तर पेट्रोल वाहू न देणारी झडपही याच वाटेवर असते. तीन चाकांची गाडी वळणावर कलंडते हे आपल्याला सांगायला नको, तेव्हा ती झडप काढून टाकणे म्हणजे काय, याचा विचार करावा.

काही पालकांनी विचारले की जुन्या, कॅनिस्टर नसलेल्या ऑटोत हा डबा बसवून घ्यावा का. आमच्या मते स्वतःच्या मनाने बसवू नये. त्याचा आकार, झडपा आणि इंजिनाचे जोड गाडीगणिक वेगळे असतात. जुन्या ऑटोत झाकण मूळ जातीचे असावे, त्याचे रबर शाबूत असावे, भोक मळाने बुजलेले नसावे, आणि हवेचा पाइप असल्यास त्याचे तोंड प्रवाशांपासून व सायलेन्सरपासून दूर, गाडीच्या तळाखाली निघावे. एवढ्याने बराचसा वास जातो. झाकणाला खिळ्याने मोठे भोक पाडणे हा इलाज नव्हे. त्यातून वाफ, पावसाचे पाणी आणि हिंदकळलेले पेट्रोल सगळेच ये-जा करते. आणि टाकीला गळती लागली तर ती रिकामी करून वेल्डिंगला नेऊ नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, कारण ती वाफ आणि हवा यांनी भरलेली असते.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधील कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत आपल्या मनाने फेरफार करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. पी.यू.सी. प्रमाणपत्र आहे म्हणून निश्चिंत होऊ नये. ती तपासणी सायलेन्सरच्या धुराची असते, टाकीच्या वाफेची नाही. मामांकडेही चालू प्रमाणपत्र होते.

खर्चाचा निम्मा भाग त्या ऑटोने येणाऱ्या मुलांच्या पालकांनी आणि निम्मा मामांनी दोन हप्त्यांत द्यायचा, असे विश्वस्तांसमोर ठरले. तक्रार करणाऱ्या आईनेच हे सुचवले. मामा आता पंपावर पहिल्या टकेला थांबतात.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रयोग. पाण्याच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या बाटलीत दोन चमचे पाणी घालून झाकण घट्ट लावा आणि तासभर उन्हात ठेवा. झाकण सैल करताना कान द्या. मग पुन्हा घट्ट लावून थंड पाण्यात बुडवा आणि बाटलीचा आकार पाहा. प्रयोग पाण्यानेच करायचा, पेट्रोलला हात लावायचा नाही.

शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी सकाळी आठ वाजता शाळेच्या पटांगणात मुलांना आणणाऱ्या सर्व पेट्रोल ऑटोंची झाकणे आणि पाइप आम्ही पाहणार आहोत. कोणाला दंड नाही, शुल्क नाही. ऑटोवाल्या मामांनी गाडी रात्रभर सावलीत उभी करून, टाकी अर्ध्यापेक्षा कमी भरलेली ठेवून यावे. मूळ झाकण घरी काढून ठेवले असेल तर तेही सोबत आणावे.