घरचे मांजर : स्वभाव आणि निगा

शेतकऱ्याच्या घरी बैलाला दावण असते, गाईला गोठा असतो, कुत्र्याला अंगण असते. मांजराला मात्र कोणी मुद्दाम जागा देत नाही. चुलीपाशी, माळ्यावर, कणगीच्या आडोशाला ते आपली जागा आपणच शोधते. म्हणूनच त्याच्या निगेचा विचार आपल्याकडे सहसा होत नाही. उंदीर धान्य खातात ते खातातच, वर मूत आणि लेंड्यांनी उरलेलेही नासवतात. त्यांना धाकात ठेवणाऱ्या या प्राण्याकडे थोडे लक्ष दिलेले बरे.

स्वभाव ओळखा

मांजर कुत्र्यासारखे हुकमाचे ताबेदार नाही. धाकाने ते शिकत नाही, उलट दूर पळते. मायेने वागवले तर पायात घोटाळते. पिलू दोन ते सात आठवड्यांचे असताना माणसांचा हात लागला तर ते माणसाळते. पण आठ आठवड्यांच्या आत त्याला आईपासून तोडू नये. भाटी साधारण नऊ आठवड्यांनी विते. ती पिलांना सात घरे फिरवते असे आपण म्हणतो, ते बोक्याच्या आणि माणसांच्या वर्दळीच्या भीतीने. पिले सारखी हाताळू नका, म्हणजे ती एका जागी राहील.

उपाशी मांजर जास्त उंदीर मारते, हा समज चुकीचा आहे. शिकार हा त्याचा स्वभाव आहे. पोट भरलेले मांजरही उंदीर धरते. उपाशी मांजर मात्र शेजारच्या घरी जाते, नाहीतर कोंबडीच्या पिलांवर झडप घालते. लहान पिले डालग्याखाली झाकावीत.

खाणेपिणे

नुसत्या दूधभातावर मांजर नीट जगत नाही. त्याच्या शरीराला मांसातूनच मिळणारे एक द्रव्य लागते. ते न मिळाल्यास दृष्टी जाते, हृदय दुबळे होते. उंदीर धरणाऱ्या मांजराची ही गरज बरीचशी भागते. इतरांना उकडलेले अंडे, मासळीची डोकी, मांसाचे तुकडे द्यावेत. मोठ्या मांजराला दुधाने हगवण लागत असेल तर दूध बंद करावे. स्वच्छ पाणी नेहमी हवे. कांदा-लसूण घातलेले कालवण देऊ नये.

जिवावर बेतणाऱ्या तीन गोष्टी

१) उंदरांचे विष : विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तर तेही दगावू शकते. आमिष ठेवाल त्या दिवसांत मांजर बांधून किंवा कोंडून ठेवा. मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरा. मांजर सुस्त झाले, हिरड्यांतून रक्त आले तर विषाचे पाकीट बरोबर घेऊनच पशुवैद्याकडे जा.

२) गोचीडनाशक : गुरांना लावायचे औषध पिसवांसाठी मांजराला लावू नका. त्यातील पुष्कळ औषधे मांजराला विषासारखी बाधतात.

३) माणसांची औषधे : तापावरची पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते.

घरच्यांची काळजी

मांजर चावल्यानेही पिसाळण्याचा रोग होऊ शकतो. मांजराला तीन महिन्यांचे झाल्यावर लस टोचून घ्यावी, पुढे पशुवैद्य सांगतील तशी ती पुन्हा द्यावी. मांजर चावले वा ओरबाडले तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. चुना, तिखट, हळद काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. गर्भवती स्त्रीने मांजराची विष्ठा काढू नये. ते काम दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज करावे. पिले नको असतील तर ती पोत्यात घालून रानात सोडण्यापेक्षा भाटीची आणि बोक्याची शस्त्रक्रिया करून घ्यावी.

चपट्या तोंडाचे पाहुणे

आता शहरातून पर्शियन किंवा 'एक्झॉटिक शॉर्टहेअर' जातीची मांजरे खेड्यांतही येऊ लागली आहेत. एक्झॉटिक ही जात अमेरिकेत पर्शियन आणि तिथल्या आखूड केसांच्या मांजरांच्या संकरातून तयार झाली. स्वभावाने शांत, मायाळू. पण नाक दबलेले असल्याने श्वासाला त्रास होतो, उन्हाळा सोसत नाही आणि डोळे सतत पाझरतात. ते रोज ओल्या मऊ फडक्याने पुसावे लागतात. हौस म्हणून पाळायचे तर सावलीत, घरातच ठेवावे. कणगीच्या राखणीसाठी त्यावर पैसे घालू नयेत. त्या कामाला आपले गावठी मांजरच बरे. त्याला लस, पाणी आणि वेळेवर घास एवढे मिळाले तरी पुरे.