सॅल्यूट, रामराम आणि पायांवरचा हात

निजामाच्या काळात हिंगोली ही लष्करी छावणी होती. आज इथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक 12 आहे. त्यामुळे कडक सॅल्यूट आणि ‘जय हिंद, सर’ हिंगोलीकरांच्या परिचयाचे. मात्र डोक्यावर टोपी नसेल तर जवान सहसा हात उचलत नाही, सावधान उभा राहतो. भूदलाच्या सॅल्यूटमध्ये पंजा समोरच्याला दिसतो, नौदलात तो जमिनीकडे झुकतो. हवाई दलाने 2006 मध्ये 45 अंशांचा मधला मार्ग पत्करला. हा मान माणसाला नसून हुद्द्याला असतो, म्हणून वरिष्ठानेही तो परत करायचाच.

गावात ‘रामराम’, ‘जय भीम’ किंवा ‘सलाम’ पुरतो. थोरामोठ्यांच्या पाया पडताना मात्र धाकट्यानेच वाकायचे.

संत नामदेवांच्या नर्सीत, वारकऱ्यांमध्ये, ही उतरंडच मोडते. दोघे भेटले की ‘माउली’ म्हणत दोघेही एकमेकांच्या पायांना हात लावतात. वय विचारत नाही कुणी, जातही नाही. सॅल्यूटचा रुबाब मान्य, पण मला हा नमस्कार अधिक मोठा वाटतो.