मागे खेळणारा खेळाडू : महेश गवळी

धान निघालं की आमच्या शाळेमागच्या बांधीत फुटबॉल सुरू होतो. गडी वाटताना रोजचं भांडण. सगळ्यांनाच पुढे खेळायचं असतं. मागच्या आठवड्यात चौथीतला एक जण रडलाच. "सर, मले खेळता येत नाही म्हणून मांगं ठेवता का?"

म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात महेश गवळी यांची माहिती सांगितली. आडनाव ऐकताच एकाने विचारलं, "म्हणजे ढोरकी का जी सर?" पोरं हसली. पण मला ते उदाहरण फार आवडलं. ढोरकी कळपाच्या मागून चालतो म्हणूनच त्याला सगळा कळप दिसतो. कोणतं ढोर शेतात घुसणार, हे ते वळायच्या आधीच त्याला कळतं. बचावपटूचं काम असंच. चेंडू पायात आल्यावर धावणं सोपं. तो कुठे येणार हे ओळखून आधीच तिथे उभं राहायचं, हे अवघड. चांगला बचावपटू म्हणूनच फारसा धावपळ करताना दिसत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं याने काही केलंच नाही.

महेश गवळी यांचा जन्म १९८० सालचा, गोव्यातला. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते तयार झाले. पुढे कोलकात्याच्या ईस्ट बंगाल क्लबकडून खेळले. २००३ मध्ये हा संघ जकार्त्याला आसियान क्लब स्पर्धेसाठी गेला. पहिल्याच सामन्यात थायलंडच्या बेक टेरो सासाना संघाने त्यांना १-० ने हरवलं. हा संघ त्याच मोसमात आशियाई चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेलेला. पण २६ जुलैला अंतिम सामन्यात पुन्हा तोच संघ समोर आला, आणि ईस्ट बंगालने ३-१ ने कप जिंकला. गोल ओकोरो, भुतिया आणि अल्विटो डिकुन्हा यांचे. बचावफळीतल्यांची नावं गोलफलकावर कशी येणार?

नंतर ते गोव्याच्या धेंपो क्लबकडून खेळले, भारतीय संघातही होते. निवृत्तीनंतर प्रशिक्षक झाले.

२०२३ च्या सॅफ स्पर्धेत बेंगळुरूला गंमतच झाली. भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांना लाल कार्ड मिळालं. त्यामुळे उपांत्य आणि अंतिम सामन्यात मैदानाच्या कडेला त्यांचे सहायक गवळी सर उभे होते. लेबनॉनविरुद्ध एकही गोल झाला नाही, पेनल्टीवर भारत ४-२ ने जिंकला. ४ जुलैला कुवेतशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि पेनल्टीवर ५-४ ने कप आपला.

हे ऐकून तो चौथीतला हळूच जवळ आला. "सर, मी चेंडू अडवला तर फळ्यावर लिहान का?"

आता आमच्या फळ्यावर गोलशेजारी आणखी एक रकाना आहे : 'अडवले'. शनिवारी त्याच्या नावापुढे सहा रेघा होत्या.