रवा म्हणजे गहूच

मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या द्वारका चौकापासून जवळच्याच एका रुग्णालयात भाचीचं पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. तिला सीलिॲक आहे. केसपेपरवर तसं ठळक लिहिलेलं होतं, भूलतज्ज्ञांनीही दोनदा विचारून घेतलं. ऑपरेशन उत्तम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याची ट्रॉली आली आणि स्टीलच्या ताटलीत वाफाळता उपमा पुढे आला. बहीण म्हणाली, “हिला गहू चालत नाही.” मावशी अगदी मनापासून म्हणाल्या, “अहो ताई, मग यात गहू कुठाय? रव्याचा आहे!”

मावशींना काय बोल लावणार? पोळी म्हणजे गहू, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रवा, मैदा, शेवया, दलिया, टोस्ट हीसुद्धा त्याचीच भावंडं, हे चटकन डोक्यात येत नाही. घरचे लोक भुलीला आणि सलाईनला घाबरतात. खरी नजर ठेवायची ती या ट्रॉलीवर.

“गव्हाची ॲलर्जीच ना ती?”

नाही. ॲलर्जीत काही मिनिटांत अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. सीलिॲकमध्ये गहू, सातू (जव) आणि राय यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारं अस्तर झिजतं. गहूच याच्या मुळाशी आहे, हे उघड केलं विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये पावाचा दुष्काळ पडला तेव्हा ही आजारी मुलं उलट सुधारली, आणि पाव परतल्यावर पुन्हा ढासळली. १९५०मध्ये त्याने यावर प्रबंध लिहिला.

ॲलर्जी आणि सीलिॲक यांत गल्लत झाली की रुग्णालयात दोन घोटाळे होतात. एक, ‘ॲलर्जी’च्या रकान्यात लिहिलेलं डॉक्टर-नर्स वाचतात, स्वयंपाकघरापर्यंत ते पोचतच नाही. दुसरा घोटाळा म्हणजे “घासभर खाल्लं, काही झालं नाही” हा निष्कर्ष. लगेच काही न दिसणं ही या आजाराची खोडच आहे. शिवाय ऑपरेशननंतर पोट फुगलं, जुलाब लागले, तर तो प्रतिजैविकांचा परिणाम, शस्त्रक्रियेची गुंतागुंत की सकाळचा उपमा, हे ओळखणं अवघड होतं.

“भुलीच्या औषधात, सलाईनमध्ये ग्लुटेन असेल”

शिरेतून दिल्या जाणाऱ्या भुलीच्या औषधांत गहू नसतो. डेक्स्ट्रोजचं सलाईन म्हणजे पाण्यात विरघळलेली साखर. ती स्टार्चपासून बनवली असली तरी त्यात प्रथिन उरत नाही. सीलिॲक आहे म्हणून तातडीचं ऑपरेशन लांबवायचंही कारण नाही.

तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचं मात्र विचारून घ्यावं. गोळीला आकार देण्यासाठी स्टार्च घालतात. तो बहुतेक वेळा मक्याचा किंवा बटाट्याचा असतो, गव्हाचा क्वचित. पण पट्टीवर पाहून ते कळतंच असं नाही. त्यामुळे रोजच्या गोळ्यांची यादी आधीच औषधवाल्याकडे द्या, शंका असेल तिथे कंपनीला विचारायला सांगा. विचारून होईपर्यंत मनानेच गोळी बंद करू नका.

“पथ्य पाळतोय, मग वेगळी तयारी कसली?”

पथ्य वर्षानुवर्षं नीट असेल आणि तब्येत भरलेली असेल, तर खरंच फारशी नाही. पण निदान नुकतंच झालं असेल, वजन उतरलेलं असेल, तर आतड्याने लोह, फोलेट, ‘ड’ जीवनसत्त्व नीट शोषलेलं नसतं. ‘के’ जीवनसत्त्व कमी पडलं तर रक्त गोठायला वेळ लागतो, आणि शल्यचिकित्सकाला ते टेबलावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. म्हणून ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी काही आठवडे हिमोग्लोबिन, लोह, रक्त गोठण्याची चाचणी आणि प्रथिनं यांबद्दल डॉक्टरांशी बोलावं. ॲनिमिया आधी भरून काढता येतो.

आणखी एक. निदान न होताच गहू सोडलेला असेल, तर “आता ॲडमिट होतोच आहोत, तर सीलिॲकचीही टेस्ट उरकू” असं होत नाही. गहू बंद असताना ती चाचणी खोटा दिलासा देऊ शकते.

“वरण-भात मागवला की प्रश्न मिटला”

इथे थोडं थांबू. भात निर्धोक, डाळ निर्धोक. वरणातला हिंग नाही. बाजारातला बांधणी हिंग शुद्ध नसतो. त्यात बऱ्याचदा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, काही कंपन्या तांदळाचं पीठ वापरतात. पाकीट वाचल्याशिवाय कळायचं नाही. तसंच लघवीच्या तक्रारीवर हमखास सुचवलं जाणारं बार्लीचं पाणी म्हणजे सातूचंच पाणी. माल्ट घातलेली पौष्टिक पावडरही त्यातलीच. नाकातल्या नळीने अन्न द्यायचं असेल, तर ते तयार डब्यातलं की रुग्णालयात शिजवून गाळलेलं, हे विचारा. शिजवलेल्यात दलिया असू शकतो.

म्हणून डबा घरचाच उत्तम, आणि त्यासाठी परदेशी पाकिटं लागत नाहीत. पेठ-सुरगाण्याकडची नाचणी नि वरई, इगतपुरीचा तांदूळ, ज्वारी, बाजरी, राजगिरा यांत ग्लुटेन नसतंच. पण गहू दळून झालेल्या गिरणीत लगेच ज्वारी टाकली, तर पिठात गहू येतो. भारतीय नियमानुसार ‘ग्लुटेन फ्री’ म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लुटेन. गिरणीच्या जात्यात राहिलेलं पीठ ही मर्यादा सहज ओलांडतं. आतड्याचं ऑपरेशन असेल, तर पहिले काही दिवस भाकरीचा हट्टही नको. पेज, मऊ भात, बिनहिंगाचं मुगाचं वरण, आणि पुढचं डॉक्टर सांगतील तसं.

डबा नेता येणार नसेल, तर आमच्या बहिणीने काढलेली युक्ती चालते: उपवासाचं मागवायचं. साबुदाणा, भगर, राजगिरा यांत गहू नसतो, आणि ‘उपवास’ म्हटल्यावर स्वयंपाकघरातलं कुणी वाद घालत नाही. फक्त तळणीचं नको. त्याच तेलात सकाळी पुऱ्या तळलेल्या असतात. दोन दिवस हे ठीक, आठवडाभर नाही. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि साबुदाण्यात ती नसल्यात जमा.

ॲडमिट व्हायच्या आधीच आहारतज्ज्ञांना भेटा, आणि खाटेच्या उशाशी मोठ्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवा : ‘पोळी, पाव, बिस्कीट, टोस्ट, रवा, शेवया, दलिया, मैदा, बार्ली, हिंग – काहीही देऊ नये.’ ‘ग्लुटेन’ हा शब्द त्यात लिहू नका. चिठ्ठी मावशींसाठी आहे.