पोटखराब्यातला ओढा

पुण्याहून साताऱ्याकडे जाताना कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की शिंदेवाडीची हद्द लागते. जून २०१३ मध्ये, पावसाळा नुकताच सुरू झालेला असताना, इथे डोंगरावरून पाण्याचा लोंढा थेट महामार्गावर उतरला आणि मोटारीने प्रवास करणारी एक आई आणि तिची लहानगी मुलगी त्यात वाहून गेल्या. जवळ नदी नाही, धरण नाही. मग पाणी आलं कुठून? शोध घेतल्यावर समोर आली ती बेकायदा डोंगरफोड. जमीन सपाट करण्याच्या नादात डोंगर कापले गेले होते आणि उतारावरचे नैसर्गिक ओहोळ मुरूम-मातीखाली गेले होते. पाण्याला खाली यायला वाट उरली ती डांबरी रस्त्याची.

पूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नदी येते, आणि सरकारी यंत्रणेच्याही. नद्यांसाठी महाराष्ट्रात पूररेषा आखल्या जातात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर जाईल ती लाल. पुण्यात मुठेसाठी हे हिशेब अनुक्रमे ६० हजार आणि एक लाख क्युसेक विसर्गाचे सांगितले जातात. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. निळी आणि लाल यांच्या मधल्या पट्ट्यात, जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा उंच ठेवण्यासारख्या अटींवर परवानगी मिळू शकते.

‘२५ वर्षांतून एकदा’ हे शब्द मात्र फसवे आहेत. एकदा पूर येऊन गेला की पुढची चोवीस वर्षं निर्धास्त, असा त्याचा अर्थ लोक लावतात, आणि विकणारेही तो लावू देतात. प्रत्यक्षात दरवर्षी असा पूर येण्याची शक्यता चार टक्के असते. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत तो निदान एकदा येण्याची शक्यता मांडली तर ती ५६ टक्क्यांवर जाते.

तरी नदीला रेषा आहेत. बहुतेक ओढ्यांना त्याही नाहीत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हे पुण्याने अनुभवलं. कात्रजच्या डोंगरात उगम पावून धनकवडी, सहकारनगर, दांडेकर पूल असा शहरातून येणारा आंबिल ओढा काही तासांच्या पावसात फुगला. अरण्येश्वर भागातल्या टांगेवाले कॉलनीत पाणी शिरलं, भिंत कोसळली. शहर आणि परिसरात त्या रात्री वीसहून अधिक माणसं दगावली. एरवी पुलावरून जाणारा ज्याच्याकडे नाक मुरडून पाहतो, त्या ओढ्याने हे केलं.

या ओढ्याशी पुण्याचा व्यवहार तसा जुना. पूर्वी तो पेठांच्या वस्तीतून मुठेला मिळत असे. अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याशी त्याला अडवून तळं केलं गेलं आणि प्रवाह पश्चिमेकडे वळवला गेला. आजची सारसबाग त्याच तळ्याच्या जागेवर आहे. म्हणजे ओढा वळवणं हे काही आजचं पाप नव्हे. पण त्या वेळी वळवलेल्या पाण्याला मोकळं रान मिळालं होतं. आज तो वळतो तो कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये.

ओढा नकाशावर कुठे सापडतो? पहिला आधार भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशाचा. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये सहसा वीस मीटरचा फरक. डोंगररांगा, नद्या, मोठे ओढे यासाठी तो उत्तम. पण दोन मीटर रुंदीची घळ या प्रमाणात काढायची तर रेघेची जाडी ०.०४ मिलिमीटर ठेवावी लागेल. सगळ्यात वरच्या टोकाचे, पावसाळ्यातच वाहणारे ओहोळ तिथे निसटतात. नेमके तेच संख्येने सर्वांत जास्त असतात, आणि सपाटीकरणात पहिला बळी त्यांचाच जातो.

दुसरा आधार भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा. पुष्कळदा ओढा हीच दोन शेतांची हद्द असल्यामुळे मोजणीदारांनी तो इमानाने दाखवलेला असतो. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’ नावाची एक नोंद असते. त्यातल्या ‘अ’ वर्गात खडकाळ, नापीक जमीन येते. ‘ब’ वर्गात रस्ते, नाले, पाण्याचे प्रवाह यांनी व्यापलेलं क्षेत्र. प्लॉट घेणारे क्षेत्रफळ आणि बोजा तपासतात, या ओळीवर क्वचितच थांबतात. ‘ब’ पुढे चार-दोन आर लिहिलेले असतील तर ते कुठे आहेत, हे विचारायलाच हवं.

कागद जुळवून झाले की जमिनीवर उतरावं लागतं. उंच-सखल मोजायला टोटल स्टेशन, जीपीएस, आता ड्रोनही असतात; त्यांतून ठरावीक अंतरांवर ओढ्याचे आडवे छेद काढले जातात. प्रत्येक मोरीची रुंदी-उंची नोंदवली जाते, कारण वरून कितीही पाणी आलं तरी पुढे जाणार तेवढंच, जेवढं मोरीतून मावेल. बाकीचं मागे साठतं. जाणता सर्वेक्षक आणखीही काही बघतो. तारेच्या कुंपणात अडकलेला पालापाचोळा आणि प्लॅस्टिक मागच्या पुराची उंची सांगतात. कोरड्या माळावर करंज-उंबरांची ओळ दिसली तर खाली पाण्याची वाट असण्याचा संभव मोठा. आणि गावातली म्हातारी माणसं. बांधाच्या कुठल्या कोपऱ्यात मे महिन्यातही ओल असायची, हे ड्रोनला कळत नाही.

यापुढचा हिशेब बदलत्या जमिनीचा. दहा हेक्टरांच्या माळावर तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी होतं पाच हजार घनमीटर. शेतजमीन असताना त्यातलं समजा तीस टक्के वाहून जातं: दहा हजार लिटरचे दीडशे टँकर. तिथे इमारती, काँक्रीटचे रस्ते, फरसबंद पार्किंग झालं की वाहणारं पाणी नव्वद टक्क्यांवर जाऊ शकतं, म्हणजे साडेचारशे टँकर. पाऊस तोच, ओढा तोच. शिवाय हे पाणी पाइपांतून झटपट येतं, त्यामुळे माथ्यावरचं आणि पायथ्याचं एकाच वेळी ओढ्यात पोहोचतं.

धूप सुरू होते ती इथून. पाण्याचा वेग वाढला की ओढा आधी तळ खरवडतो. मुरूम निघून जातो, पात्र खोल होतं, काठांचा पाया सुटतो आणि ते ढासळतात. तळाला पडलेली पायरी दर पावसाळ्यात वरच्या बाजूला सरकत जाते, त्यामुळे नुकसान कधी कधी बांधकामाच्या खाली नव्हे तर वर दिसतं. उघडी पडलेली मुळं, अधांतरी लोंबणारे ड्रेनेजचे पाइप, मोरीच्या तोंडाशी झालेला डोह या खुणाही नकाशावर मांडायच्या असतात. यावर नेहमीचा उपाय म्हणजे सीमाभिंत. तिने आपला काठ वाचतो. अरुंद झालेल्या पात्रातून पाणी आणखी जोरात सुटतं आणि भिंत जिथे संपते तिथल्या शेजाऱ्याचा काठ घेऊन जातं. सुटलेली माती शेवटी एखाद्या तळ्यात जाऊन बसते आणि गाळ काढण्याचं काम निघतं.

बांधकाम नियमांतली एक तरतूद इथे कळीची आहे. सखल जमिनीतून जाणाऱ्या, काठ स्पष्ट नसलेल्या छोट्या प्रवाहाची वाट त्याच जमिनीच्या आत बदलू देता येते; पाणी आत येण्याची आणि बाहेर पडण्याची जागा मात्र बदलायची नाही, आणि छेद प्राधिकरणाने ठरवून द्यायचा. कागदावर हे वाजवी आहे. व्यवहारात तिरपा जाणारा ओहोळ भूखंडाच्या कडेने काटकोनात नेला जातो, कारण मधली जागा मोलाची. पुराचं पाणी काटकोनात वळत नाही. ते समोरच्या भिंतीवर आदळतं.

पाण्याच्या वाटा विसरल्याचा धडा मुंबईला २६ जुलै २००५ ला मिळाला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. शहराची पर्जन्यजल वाहिन्यांची जुनी व्यवस्था तासाला २५ मिलिमीटर पाऊस गृहीत धरून बांधलेली होती. ती दुप्पट क्षमतेची करायची योजना आधीपासून कागदावर होती. त्या पुरानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीमुळे मिठी नदीबरोबरच शहराच्या उंच-सखलपणाचे बारकाईने नकाशे हवेत, ही गोष्ट चर्चेत आली. तोवर मिठी ही नदी आहे, हेच अनेक मुंबईकरांच्या गावी नव्हतं.

आजही बांधकाम परवानगीच्या प्रत्येक फायलीत आपापल्या भूखंडापुरता ओढ्याचा तुकडा असतो. वरच्या सोसायटीने त्याला बंद पाइपात घातलं, मधल्याने काटकोनात वळवलं, खालच्याने पूर्वीचीच छोटी मोरी ठेवली. तिन्ही मंजुऱ्या स्वतंत्रपणे नियमात बसू शकतात. उगमापासून संगमापर्यंत हे तुकडे एका नकाशावर जोडून, नव्या मंजुरीगणिक पाण्याचा हिशेब पुन्हा मांडणं हे काम तांत्रिकदृष्ट्या अवघड राहिलेलं नाही. अडचण हद्दीची आहे. ओढा ग्रामपंचायतीच्या डोंगरावरून निघतो, महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणातून जातो आणि महापालिकेत पोहोचतो. माथ्यावर बांधकामाची परवानगी देणाऱ्याला पायथ्याच्या मोरीची रुंदी विचारावी लागत नाही.