गरिबाघरची कणगी

निळाशार समुद्र पाहिला की आपले मन प्रसन्न होते. परंतु सागराच्या अभ्यासकाला विचारावे, तर तो म्हणेल की हा रंग ओसाडीचा आहे. जेथे सूक्ष्म वनस्पती दाटीने वाढतात तेथील पाणी हिरवट दिसते; जेथे त्यांची उपासमार होते तेथेच ते असे नितळ असते. उत्तर अटलांटिकमधील सार्गासो समुद्र हा असाच. त्याला कोठेच किनारा नाही; चोहोंकडून वाहणारे प्रवाह हीच त्याची कुंपणे. १४९२ साली कोलंबसाची गलबते त्यावरील तरंगत्या शेवाळातून गेली.

येथे मोठी वाण आहे ती फॉस्फरसाची, म्हणजे आपल्या शेतकऱ्याला खतामुळे परिचित असलेल्या स्फुरदाची. पेशीतील आनुवंशिक द्रव्य, तिच्या शक्तीचा व्यवहार आणि तिचे पातळ आवरण, या तिन्हींना स्फुरद लागतो. सार्गासोच्या पृष्ठभागी फॉस्फेटाच्या रूपात तो इतका थोडा असतो की, एक ग्रॅम गोळा करावयाचा तर पुष्कळदा साठ लाखांहून अधिक लिटर पाणी उपसावे लागेल!

मग तेथील प्लवक जगतात कसे? एक मार्ग काटकसरीचा. प्रोक्लोरोकॉकस नावाचा प्लवक इतका लहान की एका मिलिमीटरात दीड हजारांहून अधिक ओळीने मावावेत. तो आपले आवरण विणताना स्फुरदयुक्त स्निग्ध द्रव्ये टाळून गंधकयुक्त द्रव्ये वापरतो. आणि गंधकाला समुद्रात तोटा नाही. अमेरिकेतील वुड्स होल येथील संशोधकांनी २००६ व २००९ साली हे दाखवून दिले. दुसरा मार्ग उष्ट्यावर जगण्याचा. मृत जीवांच्या विरघळलेल्या अवशेषांत स्फुरद अडकलेला असतो; तो तोडून घेणारे विकर पेशी बाहेर काढते. मात्र अशा काही विकरांना जस्त लागते, आणि जस्तही या पाण्यात अत्यल्प! दैवाने दिलेल्या कुलपाची किल्लीही दैवानेच लपवावी, असा हा प्रकार.

परंतु खरे नवल पुढेच आहे. फॉस्फेटाचे कण साखळीसारखे जोडून पेशी त्यांची बेगमी करते. या साखळीस पॉलिफॉस्फेट म्हणतात. कणगी भरलेली असते ती सुखवस्तूच्या घरी, असाच आजवरचा समज होता. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सार्गासोच्या प्लवकांची तुलना अटलांटिकच्या संपन्न पाण्यातील प्लवकांशी केली गेली. एकंदर स्फुरदाच्या मानाने साठ्याचा वाटा गरिबांकडेच अधिक निघाला! विचार केला तर ते सयुक्तिकच वाटते. ज्याचे हातावर पोट आहे त्याला मिळेल तेव्हा चार दाणे बाजूस ठेवावेच लागतात.

हा साठा पेशीबरोबर तळाशीही जात नाही. मृत कण खाली बुडू लागले की त्यांतील पॉलिफॉस्फेट इतर स्फुरदाच्या आधी सुटते आणि वरच्या थरातच पुन्हा उपयोगी पडते. कर्ब मात्र खाली जात राहतो. अल्फ्रेड रेडफील्ड यांनी प्लवकांतील कर्ब, नत्र व स्फुरद यांचे प्रमाण १०६:१६:१ असे सांगितले होते. सार्गासोत या ठोकताळ्याने हिशेब जुळत नाही. पृथ्वी तापत असता समुद्राचा वरचा थर हलका होतो, खालचे सकस पाणी वर येणे कठीण होते. अशा वेळी सागर हवेतील किती कर्ब पोटात घेईल, हे ठरविताना या अदृश्य कणग्यांची मोजदाद करावी लागत आहे.